बाजारच्या दिवसाची कचोरी

कचोरीचं तोंड नीट मिटलं नाही तर ती कढईत फुटते, सारण तेलात पसरतं आणि मागून येणाऱ्या सगळ्या घाण्यावर काळे ठिपके बसतात. पूनमला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण आज सकाळपासून तिच्या हातून एक कचोरी धड मिटत नव्हती. पारी तळहातावर घ्यायची, मूगडाळीचं सारण भरायची, कडा गोळा करून पिळायची आणि परातीत ठेवताना बघावं तर शिवण उकललेली. तिची सासू बयाबाई समोर लसूण सोलत बसली होती. तिनं आधी बघून न बघितल्यासारखं केलं, पण गप्प राहणं हे काही तिच्या स्वभावात नव्हतं.

"काय गं, चित्त कुठं हाय तुझं? हौसरावाचं तेल काळं करायचं हाय का? बाजाराचा दिवस हाय आज."

बाजाराचा दिवस होता म्हणूनच तर सगळं बिनसलं होतं. शिरूरला बाजार भरला की निमोण्याची एसटी खच्चून भरून यायची आणि त्या एसटीतून पूनमचे वडील गेणबा उतरायचे. खांद्याला शेतातल्या मालाची पिशवी, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. स्टँडावरून सरळ लेकीच्या दारात यायचे, पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवायचे आणि आपण बाहेर ओट्यावर बसायचे. आत यायचे नाहीत. पाणी नाही, चहा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही.

कारण नवस होता. पूनमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला गेणबा या घरात पोटभर जेवले होते, पण पुढच्याच खेपेला ते दारात थांबले आणि हात जोडून म्हणाले, "ईनबाई, राग मानू नका. बिरोबाला बोललोय. लेकीच्या घरात पाळणा हलल्याबिगर तिथलं अन्नपाणी घ्यायचं न्हाई." जुन्या माणसांत तशी रीत होतीच, त्यात देवाचं नाव आलेलं. बयाबाईनं पदर डोक्यावर नीट केला आणि बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्याला आता सहा वर्षं होत आली होती. पाळणा काही हलला नव्हता. पूनमला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. गोड बातमी आहे का, हे गल्लीत कुणाला विचारायची गरज पडत नव्हती. दर बाजारला पूनमचा बाप ओट्यावर बसलेला दिसला की अख्ख्या गल्लीला उत्तर मिळायचं. समोरच्या घरातली सिंधूबाई तर केर काढता काढता मोठ्यानं म्हणायची, "गेणबा पाव्हणं अजून भाईरच का?" विचारायचं बापाला आणि लागायचं लेकीला, असा तिचा नेम होता.

आता माणूस निमोण्यावरून सकाळी निघालेला, उन्हातून आलेला. त्याला भूक लागणारच. लेकीकडे खायचं नाही म्हटल्यावर गेणबांनी सोय काढली होती. गल्लीच्या तोंडाशी हौसरावाचं दुकान होतं, पत्र्याची शेड, पुढं लाकडी बाक. हौसराव तरुणपणी एका मारवाडी हलवायाच्या हाताखाली राबला होता आणि तिथून कचोरी शिकून आला होता. घोडनदीत, म्हणजे शिरूरात, कचोरी खावी ती हौसरावाचीच, असं स्टँडावरचे कंडक्टरसुद्धा म्हणायचे. गेणबा लेकीची खुशाली विचारून झाली की उठायचे, हौसरावाच्या बाकावर जाऊन बसायचे आणि कचोरी खायचे.

आणि ही कचोरी पूनम भरत होती.

हे कसं झालं, ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हापासूनच मल्हारच्या, म्हणजे पूनमच्या नवऱ्याच्या, कंपनीत पगार थकत होते आणि दुसऱ्या वर्षी ती बंदच पडली. त्याच सुमाराला हौसरावाच्या बायकोची बोटं सांधेदुखीनं आखडली. हौसराव भरणारीण शोधत होता. बयाबाई स्वतः त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, माझी सून करील, पण आमच्याच घरात बसून करील आणि पाव्हण्यारावळ्यांत याचा बोभाटा व्हायला नको. मग डाळ, मैदा, मसाला इकडे यायला लागला आणि भरलेल्या कच्च्या कचोऱ्या ओल्या फडक्याखाली तिकडे जायला लागल्या. तळण हौसराव करायचा. मंद आचेवर, घाई न करता, बाहेर गिऱ्हाइकांनी कितीही आरडाओरडा केला तरी. पुढं मल्हारला रांजणगावच्या एमआयडीसीत चांगली नोकरी लागली, घरात कुकर आला, टीव्ही आला, पण पूनमनं काम सोडलं नाही. तिला ते आवडत होतं, आणि त्याचं एक कारण बाकावर बसायचं.

पहिल्यांदा तिनं बापाला तिथं खाताना बघितलं तेव्हा तिला हसू आवरेना. ओट्याच्या टोकाला उभं राहिलं की बाक सरळ दिसायचा. गेणबा कचोरी हातात आली की लगेच खायचे नाहीत. आधी नुसतीच तळहातावर धरून बसायचे, थंडीत कुणी शेकोटीपाशी हात धरावा तसे. मग अंगठ्यानं मधोमध टचकन भोक पाडायचे. वाफ निघायची. हौसराव त्या भोकात चिंचेची चटणी सोडायचा. मग आधी कड, कुरकुरीत, बारीक चावून. मग मधला सारणाचा भाग, डोळे जरा मिटून. आणि शेवटी कागदावर पडलेला चुरा तळहातावर घेऊन तोंडात. मिशा पुसून झाल्या की उगाच रस्त्याकडे बघत बसायचे. तो म्हातारा इतका सुखी दिसायचा की पूनमला वाटायचं, ओरडून सांगावं, आबा, ते मी केलंय! पण सांगितलं असतं तर खाणं बंद झालं असतं. म्हणून ती गप्प राहिली आणि बाजाराच्या दिवशी सारणात बडीशेप जरा सढळ हातानं घालायला लागली. देवाला फसवून बापाला जेवू घालतोय याची तिला गंमतच वाटायची.

ती गंमत सिंधूबाईनं घालवली. सिंधूबाई बोलत होती दुसऱ्याच कुणाबद्दल, तिच्या माहेरच्या एका घराबद्दल. "बोललेला नवस मोडला, चुकून का होईना, तर देव त्या घराकडं बघत न्हाई," असं म्हणून तिनं सुपातली डाळ पाखडली आणि विसरून गेली. पूनम विसरली नाही. पहिल्यांदा पोट रिकामं झालं होतं ते कचोऱ्या सुरू केल्यावरच. दुसऱ्या वेळी तर बाजाराच्याच दिवशी, बाप बाकावरून उठून गेल्यावर संध्याकाळी. तिच्या डोक्यात ते एकदा जुळलं आणि मग काही केल्या सुटेना. बाप म्हणतो लेकीच्या घरचं खाणार नाही. लेक त्याला न सांगता घरातलं खायला घालते. मग देवानं कुणावर रागवायचं?

तिनं मल्हारला सांगितलं होतं. मल्हार हसला. "देवाला दुसरं काम न्हाई व्हय? कुणाची कचोरी कुणी भरली ते बघत बसंल?" असं म्हणून तो कुशीवर वळला. पुरुषांचं बरं असतं, त्यांना कुशीवर वळता येतं.

आणि आता पुन्हा दिवस गेले होते. मल्हारला आणि बयाबाईला तेवढं माहीत होतं. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही असं बयाबाईनं बजावलं होतं. पूनमला रात्रीची झोप नव्हती की दिवसा चैन. काही झालं तरी आज बापाच्या पोटात ती कचोरी जाऊ द्यायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. कसं, ते ठरलं नव्हतं.

परात घेऊन ती दुकानात गेली तेव्हा हौसराव कढईपुढं बसला होता. बनियन पोटावर ताणलेली, खांद्यावर पंचा.

"काका, आज आबांना कचोरी देऊ नका."

हौसरावाचा झारा वरच राहिला. "का? पोट बिघडलंय त्यांचं?"

"न्हाई."

"डाक्तरनं बंद केलीय?"

"तसं न्हाई. तुम्ही नुसतं म्हणा, संपल्या."

"समोर परात भरलेली आन् मी संपल्या म्हणू? त्यांना काय मोतीबिंदू झालाय?"

"मग जिलबी द्या. भेळ द्या."

"अगं, तो माणूस निमोण्यावरनं माझ्या जिलबीसाठी येतो व्हय?" हौसराव दुखावला गेला होता. जिलबी त्याची खरंच चांगली नव्हती आणि हे त्याला माहीत होतं. "आन् कारण काय ते तर सांगशील?"

कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पूनम खालच्या मानेनं उभी राहिली. तिचा चेहरा बघून हौसरावाला काहीतरी वाटलं असावं. "बघतो," तो म्हणाला.

बघतो म्हणणारा माणूस कधी काही बघत नाही. पूनम घरी परतली ती आणखी अस्वस्थ होऊन. तिनं भांडी घासली, घासलेलीच पुन्हा विसळली, ओट्यावर गेली, आत आली, चुलीवरचं दूध उतू घालवलं. "एका जागी बस की गं," बयाबाई ओरडली. "पोटुशी बाई अशी घिरट्या घालती व्हय?" पूनम बसली आणि लगेच उठली, कारण बाहेर काठीचा आवाज आला होता.

गेणबांनी पिशवी आत सरकवली. भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या, वांगी होती, बाजरीचं पीठ होतं. कधीच रिकाम्या हातानं यायचे नाहीत ते. ओट्यावर टेकले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"कशी हायस?"

"बरी हाय."

"मल्हारराव?"

"फस्ट शिपला गेल्यात."

आतून बयाबाईचा दर खेपेचा आवाज आला, "पाव्हणं, पाणी तरी घ्या."

"नको ईनबाई. देवाचं हाय." हाही दर खेपेचाच.

आता एरवी दोनचार वाक्यं झाली की दोघांचं बोलणं संपायचं. पण आज पूनम संपू देईना. गाय व्याली का, कालवड आहे का गोऱ्हा, विहिरीची मोटर दुरुस्त झाली का, चारीला पाणी कधी सुटणार, भावाच्या पोराचा ताप उतरला का, उतरला तर औषध कुणाचं. गेणबा उत्तरं देत होते, पण त्यांचे पाय खाली हलायला लागले होते आणि नजर गल्लीच्या तोंडाकडे चालली होती. वारा तिकडूनच होता. तळणाचा वास थेट ओट्यावर येत होता.

"येतो मग," ते उठले.

"आबा, आज थेट ष्टँडावर जा. गाडीला लई गर्दी असती."

"गाडीला टाईम हाय अजून."

"ऊन हाय. बसा की जरा."

गेणबांनी लेकीकडे बघितलं. त्यांना काहीतरी वेगळं वाटलं, पण भूकही लागली होती. "सुखी ऱ्हा," म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

पूनम ओट्याच्या टोकाला उभी राहिली. तिनं बापाला बाकावर बसताना बघितलं. हौसराव काहीतरी बोलला, हात हलवून. गेणबांनी काठीनं परातीकडे दाखवलं. हौसराव पुन्हा बोलला. गेणबांनी मान डोलावली आणि काठी बाजूला ठेवून मांडी घातली, म्हणजे किती का वेळ लागेना, थांबायची तयारी. हौसरावानं गल्लीकडे एकदा चोरट्यासारखं बघितलं. मग झारा उचलला. बघतो म्हणाला होता ना, बघितलं त्यानं.

कागदावर कचोरी आली. गेणबांनी ती तळहातावर घेतली.

पूनम पळतच सुटली. पदर खांद्यावरून घसरला, हाताला पीठ, पायात चप्पल नाही. मागून बयाबाई हाका मारत होती, सिंधूबाई केरसुणी हातात घेऊन दारात आली होती. पूनमला कुणी दिसत नव्हतं. गेणबांनी अंगठ्यानं भोक पाडलं होतं, हौसराव चटणी सोडत होता.

"आबा, खाऊ नका! ती कचोरी खाऊ नका!"

बाकावर आणखी चारपाच माणसं होती. एकानं तोंडातला घास तसाच थांबवला. दुसऱ्यानं हातातली कचोरी उलटीपालटी करून बघितली आणि हळूच कागदावर ठेवली. हौसरावाचा चेहरा तळणासारखाच लाल झाला.

"पूनमताई! माझ्या धंद्यावर का उठलीस गं तू?"

पण पूनमनं बापाचं मनगट धरलं होतं. "ती माझ्या हातची हाय, आबा. आपल्या घरात भरलेली. आजचीच न्हाई. इतकी वर्षं तुम्ही इथं जी खाता, ती मीच भरती. तुमचा नवस मी मोडला. दर बाजारला मोडला. म्हणून दोनदा तसं झालं." तिला धाप लागली होती. "आन् आता मला परत दिवस गेल्यात. आता नका खाऊ. पाया पडती तुमच्या."

सगळं बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की अर्धी गल्ली ऐकत होती. बयाबाईनं बजावलेला तिसरा महिना तर बाजूलाच राहिला. गेणबा एकदा कचोरीकडे, एकदा लेकीच्या पीठभरल्या हाताकडे बघत होते. मग ते उठले, कचोरी हातात तशीच ठेवून दुकानाच्या मागं गेले, लिंबाच्या झाडाखाली. पूनम मागोमाग गेली.

"नवस न्हवताच," गेणबा म्हणाले.

पूनमला आधी कळलंच नाही.

"न्हवता नवस. मी उगा बोललो." ते झाडाकडे बघून बोलत होते. "पैल्या दिवाळीला तुमच्याकडं जेवलो. ईनबाईंनी बळंबळं वाढलं. नको म्हणलं तरी भाकर टाकत्यात आन् मी खातोय. ष्टँडावर गेलो आन् ध्यानात आलं, काठी राह्यली. माघारी आलो. दार उघडंच व्हतं. तू चुलीपाशी बसली व्हतीस. आमटीचं पातेलं पाण्यानं इसळून ते पाणी पीत व्हतीस. भाकर न्हवती तुझ्यापुढं." त्यांनी कचोरी या हातातून त्या हातात घेतली. "तुझी भाकर माझ्या पोटात व्हती, पुने. आल्या पावली फिरलो."

पूनमला तो दिवस आठवेना. त्या वर्षी तसे दिवस पुष्कळ होते. घरात माणसं आधी जेवायची, मग सासू, मग उरलं तर ती, आणि यात कुणी कुणावर जुलूम करतंय असं तेव्हा तिलाही वाटलं नव्हतं.

"मग तसं सांगायचं की!"

"कुणाला? ईनबाईंना? तुमच्या घरात भाकर कमी पडती म्हणून? त्या बाईनं परत माझ्यापुढं मान वर केली नसती. आन् ते सगळं तुझ्यावर निघालं असतं. नुसतं नको म्हणलं तर त्या आग्रह करणार, वाढणार. देवाचं नाव घेतलं की कुणी आग्रह करत न्हाई." मग म्हणाले, "खोटं नाव घेतलं म्हणून दर जत्रंला बिरोबाला नारळ फोडून माफी मागतोय."

एखाद्या पोरीला अशा वेळी बापाच्या मायेनं भरून आलं असतं. पूनमला भरून आलं ते रागानं. इतका राग तिला जन्मात कधी आला नव्हता, आणि तो बापावर यावा याचाही तिला राग आला.

"तुम्ही ईनबाईंची मान सांभाळली. आन् माझी?" ती म्हणाली. "दर बाजारला तुम्ही त्या वट्यावर बसायचा आन् सगळ्यांना कळायचं, हिला अजून पोर न्हाई. माझा बाप येऊन दवंडी पिटून जायचा, आबा. दोनदा पोट रिकामं झालं त्याचा मी रात्री जागून काय इचार करत व्हते ठावं हाय? माझ्या हातानं झालं. मीच माझं लेकरू घालवलं, कचोरी भरून. आन् तुम्ही म्हणता, नवस न्हवताच?"

गेणबांनी मान खाली घातली. मेंढरू आजारी पडायच्या आधी त्याच्या चालीवरून ओळखणारा माणूस तो. पण आपण ओट्यावर बसतो ते गल्लीला काय सांगतं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी हातातली कचोरी मधोमध मोडली आणि अर्धी लेकीपुढं धरली. दुसरं काय द्यावं ते त्यांना सुचलं नाही.

पूनमनं ती हिसकावूनच घेतली आणि रागारागानं तोंडात घातली. कड कुरकुर मोडली. गरम सारण जिभेवर आलं, हिंगाचा वास, मागून बडीशेप, मध्येच चिंचेची आंबटगोड चटणी. इतकी वर्षं तिनं हजारो भरल्या होत्या, पण खाल्ल्या होत्या त्या हौसरावानं पाठवलेल्या उरल्यासुरल्या, गार झालेल्या. कढईतून निघालेली ती आज पहिल्यांदा खात होती. आपल्याला इतकं रडायला येत असताना ही इतकी चांगली कशी लागते, याचाच तिला संताप आला. तिनं बापाच्या हातातल्या अर्ध्यातला आणखी एक तुकडा मोडून घेतला.

"पूनमताई!" दुकानातून हौसराव ओरडत होता. "झालं असंल बोलणं तर जरा या माणसांना सांग, कचोरीत काय खोट न्हाई म्हणून!"

पूनमनं पदरानं तोंड पुसलं, दुकानापुढं आली आणि तोंडात घास तसाच ठेवून म्हणाली, "चांगली हाय. खावा." मग बापाकडे वळून म्हणाली, "चला. घरी चला जेवायला."

गेणबा निमूटपणे निघाले. ओट्यापाशी त्यांचे पाय जरा अडखळले. सिंधूबाई दारातच होती. पूनम थांबली नाही, म्हणून तेही थांबले नाहीत. सहा वर्षांनी व्याही उंबरा ओलांडून आत आलेला बघून बयाबाईची धांदल उडाली. तिनं घोंगडी अंथरली, ती उलटी पडली म्हणून सुलटी केली, तांब्या भरून आणला. गेणबांनी पाणी घेतलं आणि एका दमात प्यायले.

"नवस फिटला, ईनबाई," ते म्हणाले. "लेकीनं गोड बातमी सांगितली. देवाला पोचलं."

बयाबाईनं सुनेकडे एक कटाक्ष टाकला आणि चुलीकडे वळली. तव्यावर भाकरी टाकल्या, शेंगांचं कालवण होतं, वांगं होतं. आता या घरात भाकरीची वाण नव्हती. दुरडी भरलेली होती. तिनं गेणबांपुढं ताट ठेवलं, कालवणाची वाटी काठोकाठ भरली. "घ्या. सावकाश होऊ द्या."

गेणबांनी ताटाला हात लावला नाही.

"घ्या की. गार व्हईल."

"पुनीचं ताट?"

"ती बसंल मागनं, माझ्यासंगं."

गेणबांनी ताट जरा पुढं सरकवलं. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. चुलीत लाकूड तडतडलं. बयाबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली आणि ती करपल्याचा वास घरभर सुटला.

"मी बघितलं व्हतं तुम्हाला," बयाबाई एकदम म्हणाली. चुलीकडे तोंड करून. "त्या दिवाळीला. तुमची काठी द्यायला ष्टँडाकडं गेले, चुकामूक झाली, माघारी आले तर तुम्ही दारात. तुम्ही दारातनं आत बघितलं आन् फिरला, ते मी कोपऱ्याआडनं बघितलं. पुढच्या खेपेला तुम्ही नवस सांगितला तवाच मला कळलं, ह्यो कसला नवस. काय बोलणार? तुम्ही माझी अब्रू झाकली, मी झाकू दिली. म्हणून तर हौसरावाकडं गेले. म्हणलं घरात दाणा तर येईल. आन् पाव्हणं दुकानात जाऊन खात्यात, तर लेकीच्या हातचं तरी खाऊ देत."

पूनम दाराला टेकून उभी होती. म्हणजे बापाला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं. दोघं सहा वर्षं एकमेकांचा मान राखत बसले होते, दाराच्या आत एक आणि बाहेर एक. आणि त्या मानाखाली ती एकटी रात्र रात्र जागत होती.

"आन् मी?" ती म्हणाली.

बयाबाईनं मान वर केली. तिला सुनेच्या डोळ्यांत बघता आलं नाही. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि या वयात ते शिकणं शक्य नव्हतं. तिनं फळीवरचं दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं, गेणबांच्या ताटाशेजारी ठेवलं. तव्यावरून नवी भाकरी उतरवली, फुगलेली, आणि ती त्या ताटात वाढली. कालवण वाढलं, वांगं वाढलं, वर तूप सोडलं.

पूनम बापाशेजारी मांडी घालून बसली. गेणबांनी पहिला घास मोडला, मग तिनं. दोघंही खाली बघून जेवत होते. बाहेर सिंधूबाई कुणाला तरी काहीतरी सांगत होती, तिचा आवाज येत होता. भाकरी संपली तशी पूनमनं सवयीनं हात धुवायला पाणी ओढलं. मग ती थांबली, तांब्या बाजूला सारला आणि सासूकडे सरळ बघितलं.

"अजून एक वाढा," ती म्हणाली. "भूक हाय मला."